कंपवातात भास होऊ लागले तर: निदान कसं करावं, पायरीपायरीने

कंपवात म्हणजे हात थरथरणं, चाल मंदावणं, अंग आखडणं, एवढं बहुतेक घरांत माहीत असतं. आजार जुना झाला की निम्म्याहून अधिक रुग्णांना कधी ना कधी भास होतात, हे मात्र गोळ्या सुरू करताना क्वचितच कोणी सांगतं. मग एखाद्या संध्याकाळी आजोबा ओसरीवर बसून विचारतात, "ही पोरं कोणाची आलीत?" ओसरीवर कोणीच नसतं. घरात कोणी म्हणतं म्हातारपण, कोणी म्हणतं बाहेरचं, आणि आपल्या मराठवाड्यात भानामतीचं नाव निघायलाही वेळ लागत नाही.

हा लेख अशा घरांसाठी आहे, आणि तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या माझ्या डॉक्टर मित्रांसाठीही. कंपवातातल्या या भास-भ्रमांना डॉक्टर पार्किन्सन्स सायकोसिस म्हणतात. ते ओळखायला कुठलीही मशीन नाही. मेंदूच्या स्कॅनमध्ये भास दिसत नाहीत, रक्तात सापडत नाहीत. निदान होतं ते नीट विचारल्याने आणि ठरावीक क्रमाने शोध घेतल्याने. हा क्रम चुकला की साधा लघवीचा संसर्ग वेड ठरतो, किंवा गोळीने आलेल्या भासावर आणखी एक गोळी चढते. म्हणून क्रमानेच जाऊ.

आधी विचारा, आणि वेगवेगळं बसवून विचारा

रुग्ण आपणहून सांगत नाही. लोक वेडा म्हणतील, शेताचे कागद दुसऱ्याच्या नावावर करून घेतील, दवाखान्यात डांबतील, अशी भीती त्याला असते. बरेच भास त्रासदायकही नसतात, म्हणून सांगावंसं वाटत नाही. डॉक्टरही विचारत नाहीत. १८१७ मध्ये जेम्स पार्किन्सन यांनी या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन लिहिलं तेव्हा बुद्धी आणि ज्ञानेंद्रियं शाबूत राहतात असं नोंदवलं होतं, आणि ती समजूत फार काळ टिकली. त्यामुळे कंपवाताच्या प्रत्येक रुग्णाला, दर भेटीत, तक्रार नसली तरी हे प्रश्न विचारावेत असं माझं ठाम मत आहे.

"तुम्हाला भास होतात का?" असं थेट विचारलं की उत्तर नाही येतं. सुरुवात अशी करावी: "कंपवाताच्या बऱ्याच लोकांना कधीकधी नसलेलं काही दिसतं. तुमच्या बाबतीत असं कधी झालंय का?" आपण एकटे नाही हे कळलं की माणूस मोकळा होतो. मग सौम्य लक्षणांपासून पुढे जावं.

सर्वांत आधी बहुधा येते ती जवळ कोणीतरी असल्याची जाणीव. पाठीमागे, खाटेच्या उशाशी कोणी उभं आहे असं वाटतं, वळून बघितलं तर कोणी नाही. दुसरं, नजरेच्या कडेने काहीतरी सर्रकन गेल्यासारखं दिसणं: मांजर, उंदीर, कधी माणूस. तिसरं, असलेली वस्तू भलतीच दिसणं. खुंटीवरचा सदरा माणूस वाटतो, घरात भरून ठेवलेल्या कापसाच्या ढिगात कोणी झोपलेलं दिसतं. ही तिन्ही लक्षणं किरकोळ समजून सोडून दिली जातात, पण आजाराची पहिली खूण तीच असते.

त्यापुढचे भास ठसठशीत असतात. लहान मुलं, अनोळखी माणसं, जनावरं; बहुतेक वेळा मुकी, आणि बहुतेक वेळा अंधूक उजेडात. संध्याकाळी लाईट गेली की अंगणात माणसं जमलेली दिसतात, लाईट आली की नाहीशी होतात. डोळ्यांना दिसणारे भास सर्वांत जास्त. आवाज ऐकू येणं, वास येणं, अंगावर किडे चालल्यासारखं वाटणं कमी, पण असतं. नुसतेच आवाज, तेही हुकूम देणारे किंवा शिव्या घालणारे ऐकू येत असतील, तर दुसऱ्या मानसिक आजाराचाही विचार करावा लागतो.

प्रत्येक वेळी एक प्रश्न जोडावा: "ते खरंच तिथे असतं, की डोळ्यांना नुसतं दिसतं?" हे खरं नाही हे रुग्णाला कळतंय की नाही, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. "पोरं दिसत्यात, पण खरी नाहीत ती, मला कळतंय" असं म्हणणाऱ्या आजी आणि त्या पोरांसाठी ताटं वाढायला सांगणाऱ्या आजी वेगळ्या टप्प्यावर आहेत.

भ्रम म्हणजे पक्की बसलेली खोटी समजूत, आणि तिच्याबद्दल रुग्णासमोर विचारून उपयोग नसतो. बायकोचं बाहेर कोणाशी आहे, सून पैसे चोरते, घरात आपल्या नकळत कोणीतरी राहतंय, ही माझी बायको नव्हेच, तिच्यासारखी दिसणारी दुसरीच बाई आहे, अशा या समजुती असतात. सगळा संसार सोबत केलेल्या बाईला नवऱ्याचा असला आळ ऐकावा लागतो आणि मुलांसमोर ती तोंडातून शब्द काढत नाही. म्हणून पत्नीला वेगळं बसवा, सुनेला वेगळं, आणि मुलांना बाहेर थांबायला सांगा. "ते तुमच्यावर संशय घेतात का? हात उगारतात का?" असं स्पष्ट विचारा. मी हे विचारलं की किती बायका पदराने डोळे पुसतात, हे पाहिल्यावर हा प्रश्न टाळणं मला चूक वाटतं. हा आळ त्यांच्या नवऱ्याच्या स्वभावातून आलेला नाही, आजारातून आलाय, हे त्यांना त्याच बैठकीत सांगावं.

अचानक झालं की हळूहळू?

सगळ्या लेखात हीच पायरी सर्वांत तातडीची आहे. परवापर्यंत माणूस ठीक होता आणि काल रात्रीपासून बरळतोय, मधेच शुद्धीवर, मधेच भलतंच, दिवसा गुंगीत आणि रात्री उठून पळतोय, असं असेल तर तो आधी डेलिरियम समजावा. आपल्याकडे जुनी माणसं यालाच वात झाला म्हणतात. कंपवातातले खरे भास आठवड्या-महिन्यांत हळूहळू वाढतात आणि माणूस एरवी भानावर असतो. डेलिरियम तासा-दिवसांत येतो आणि त्यात लक्षच टिकत नाही.

लक्ष तपासायला साधी युक्ती आहे: वार उलटे म्हणायला सांगा, रविवार, शनिवार, शुक्रवार असे. शाळा न शिकलेल्या माणसालाही वार येतात. जुन्या माणसांना फाल्गुनापासून चैत्रापर्यंत महिने उलटे विचारता येतात. नेहमी सहज म्हणणारा माणूस दोन वारांनंतर हरवला, प्रश्नच विसरला, तर काळजी करा. एक प्रकार फसवा असतो: रुग्ण आरडाओरडा न करता नुसता झोपून राहतो, बोलत नाही, जेवत नाही. घरचे म्हणतात शांत झाले. तोही डेलिरियमच असू शकतो.

कारणं शोधायची ती अशी. लघवीचा संसर्ग, छातीतला संसर्ग, ताप. पाणी कमी पडणं. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या घरात पडून असलेला, गिळायला त्रास होणारा, लघवीला उठावं लागू नये म्हणून मुद्दाम पाणी टाळणारा म्हातारा माणूस भर दुपारी बरळू लागला तर आधी हेच बघावं. बरेच दिवस संडास न होणं. लघवी तुंबणं. रक्तातलं सोडियम घसरणं, विशेषतः उलट्या-जुलाबानंतर किंवा बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असताना. साखर फार कमी किंवा फार जास्त होणं. रोज घेणाऱ्याची दारू अचानक बंद झालेली असणं. आणि पडणं: कंपवाताचा माणूस वारंवार पडतो, डोक्याला लागलेलं घरात कोणाला आठवतही नाही, आणि मेंदूवर हळूहळू रक्त साचत जातं. गेल्या काही आठवड्यांत पडल्याचा इतिहास असेल तर डोक्याचा सीटी स्कॅन करून घ्यावा.

तपासण्या म्हणाल तर रक्ताची पेशीगणना, सोडियम-पोटॅशियम, किडनी, लिव्हर, साखर, लघवी, ऑक्सिजन आणि गरज वाटल्यास छातीचा एक्स-रे. थायरॉइड आणि बी-१२ नंतर केलं तरी चालतं. यातलं बरंचसं तालुक्याच्या ठिकाणी होतं. ताप, शुद्ध हरपणं, अंग एकदम लाकडासारखं ताठणं, धाप, डोक्याला मार, किंवा रुग्ण स्वतःला अथवा दुसऱ्याला इजा करील अशी स्थिती असेल तर उद्याची वाट पाहू नका, त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात न्या.

औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करा

चिठ्ठी पाहू नका, पिशवी पाहा. चिठ्ठीवर एक असतं, पोटात दुसरंच जात असतं.

जालन्याकडच्या एका आजींची पिशवी मला चांगली आठवते. कापडाची, नाडी बांधलेली. त्यातून निघाल्या लेव्होडोपाच्या, म्हणजे कंपवाताच्या मुख्य औषधाच्या गोळ्या, त्या ठीकच होत्या. त्याखाली पॅसिटेन, म्हणजे ट्रायहेक्सिफेनिडिल, कित्येक वर्षांपूर्वी थरथर कमी व्हावी म्हणून कोणीतरी लिहिलेली आणि मेडिकलवाल्याने तशीच देत आणलेली. मग वारंवार लघवी लागते म्हणून ऑक्सिब्युटिनिन. मग पित्ताची कॅप्सूल. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात लेव्होसल्पिराइड. आणि शेवटी वर्तमानपत्राच्या पुडीत एक चूर्ण. कशाचं, असं विचारल्यावर सून म्हणाली, "कवचबीजाचं हाय, वैद्यानं दिलंय, ताकदीसाठी."

आता हे एकापुढे एक लावून बघा. पॅसिटेन आणि ऑक्सिब्युटिनिन, दोन्ही अॅसिटिलकोलिन या रसायनाला अडवतात. कंपवातात ते आधीच कमी झालेलं असतं, म्हणून स्मरण बिघडतं आणि भास वाढतात. लेव्होसल्पिराइड डोपामिनला, म्हणजे कंपवातात कमी पडणाऱ्या मेंदूतल्या रसायनालाच अडवतं, म्हणजे कंपवात वाढवतं. तो वाढला म्हणून लेव्होडोपाचा डोस वाढवला जातो, आणि डोस वाढला की भासांना आणखी वाव मिळतो. कवचबीजात, म्हणजे खाजकुइलीच्या बियांत, निसर्गतःच लेव्होडोपा असतं. म्हणजे आजी दोन ठिकाणाहून एकच औषध घेत होत्या आणि दुसऱ्याचा हिशोब कोणीच धरला नव्हता. पित्ताची कॅप्सूल बदलली, चूर्ण थांबवलं, पॅसिटेन हळूहळू उतरवत नेली. पुढच्या काही आठवड्यांत रात्री अंगणात येणारी माणसं यायची थांबली. सायकोसिसची एकही गोळी लागली नाही.

पिशवीत आणखी काय शोधायचं? अमँटाडिन, प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल, सेलेजिलिन, रसाजिलिन, एन्टाकॅपोन. ही सगळी कंपवाताचीच औषधं, पण भास वाढवू शकतात. कंपवाताबाहेरची: ट्रॅमाडॉलसारख्या दुखण्याच्या गोळ्या, सर्दी-खोकल्याची गुंगी आणणारी औषधं, पोटातल्या कळेसाठी डायसायक्लोमिन, हातापायाच्या आगीसाठी अमिट्रिप्टिलिन, झोपेच्या गोळ्या, स्टेरॉइड. दम्यासाठी घेतलं जाणारं कनकासव धोतऱ्यापासून बनतं, आणि धोतऱ्याने भास होतात हे खेड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. चक्करेची सिनारिझिन नुसता कंपवात वाढवते, पण तीही पाहावी. कोणती गोळी कधी सुरू झाली आणि भास कधी सुरू झाले, या दोन तारखा शेजारी शेजारी लिहिल्या की अर्धं कोडं सुटतं.

यातलं काहीही घरच्या घरी बंद करू नका, हे मी हात जोडून सांगतो. लेव्होडोपा एकदम थांबवलं तर अंग ताठतं, भरून ताप येतो, शुद्ध जाते आणि जीवही जाऊ शकतो. औषध उतरवणं डॉक्टरचं काम. त्यांचा क्रम साधारण असा असतो: आधी कंपवाताबाहेरची नको ती औषधं, मग ट्रायहेक्सिफेनिडिल, मग अमँटाडिन, मग प्रामिपेक्सोल-रोपिनिरोल, मग सेलेजिलिन-रसाजिलिन, मग एन्टाकॅपोन, आणि सर्वांत शेवटी लेव्होडोपा थोडं थोडं.

डोळे, कान, झोप

मोतीबिंदू पिकलेला असेल तर मेंदूला अपुरं चित्र मिळतं आणि तो उरलेलं आपल्या मनाने भरतो. नजर फार कमी झालेल्या, पण कंपवात नसलेल्या माणसांनाही असे भास होतात. त्याला चार्ल्स बॉने सिंड्रोम म्हणतात. म्हणून डोळे तपासल्याशिवाय निदान पुरं करू नये. ऑपरेशन आणि बरा चष्मा, यांनी काहींचे भास खरोखर कमी होतात. ऐकू कमी येणाऱ्याला घरातली कुजबुज आपल्याविरुद्ध वाटते, हेही लक्षात घ्यावं.

झोपेत ओरडणं, लाथा मारणं, स्वप्नातली मारामारी प्रत्यक्ष करणं, हे कंपवातात पुष्कळदा असतं आणि भासांच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असू शकतं. रात्री दोनला "चोर, चोर" म्हणून उठलेला माणूस पूर्ण जागा होता की स्वप्नात होता, हे शेजारी झोपणाऱ्यालाच सांगता येतं. पूर्ण जागेपणी, डोळे उघडे असताना दिसलं तरच भास म्हणून धरा.

आधी काय आलं: कंप, विसर, की भास?

आजाराची कुंडली मांडताना या तीन गोष्टींचा क्रम लावावा. कंपवात आधी, आणि वर्षांनंतर भास, हा पार्किन्सन्स सायकोसिसचा नेहमीचा क्रम. विसर कंपाच्या आधी, किंवा कंप सुरू झाल्यापासून वर्षाच्या आत आला असेल, आणि त्यासोबत ठसठशीत भास असतील, तर तो लेवी बॉडी डिमेन्शिया, म्हणजे विसराचा एक वेगळा आजार, असण्याची शक्यता मोठी. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण या रुग्णांना मनोविकारावरची जुनी औषधं फार घातक ठरतात.

भास आधी आणि कंप नंतर, असं असेल तर विचारा: पूर्वी कधी मानसिक आजाराची औषधं चालू होती का? त्या औषधांनीही कंपवातासारखी लक्षणं येतात. मग मूळ आजारच वेगळा.

उदासीही शोधावी. "मी पापी आहे, माझ्यामुळे घर बुडालं, मला जगायचं नाही" असा सूर असेल तर भ्रमाचं मूळ नैराश्यात असू शकतं आणि उपचार त्या दिशेने जातात. आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे स्पष्ट विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. जोडीदार नुकता गेला असेल आणि तो क्षणभर दिसत असेल, तर तो दुःखाचाही भाग असतो. त्याला लगेच आजाराचं नाव देऊ नये.

स्मरणाची चाचणी कंपवाताच्या गोळीचा परिणाम चालू असताना घ्यावी, अंग आखडलेलं असताना नाही. घड्याळ काढायला सांगणं शिकलेल्यांना जमतं. न शिकलेल्या माणसाच्या बाबतीत घरच्यांना विचारा की बाजाराचा हिशोब, नात्यागोत्याची नावं, घरचा रस्ता यांत काय बदललं.

निदान पक्कं कधी म्हणायचं

अमेरिकेतल्या मेंदूविकार आणि मानसिक आरोग्याच्या दोन राष्ट्रीय संस्थांच्या तज्ज्ञगटाने सुचवलेले आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेले निकष आजही वापरले जातात. कंपवाताचं निदान पक्कं हवं. जवळ कोणी असल्याची जाणीव, भलतंच दिसणं, भास, भ्रम, यांपैकी किमान एक लक्षण हवं. ते कंपवात सुरू झाल्यानंतर आलेलं हवं. महिनाभर सतत किंवा पुन्हा पुन्हा दिसलेलं हवं. आणि वर सांगितलेली दुसरी कारणं, म्हणजे डेलिरियम, लेवी बॉडी डिमेन्शिया, स्किझोफ्रेनिया, भ्रमासह आलेलं नैराश्य, ही बाजूला काढलेली हवीत. रुग्णाला खरं-खोटं कळतंय की नाही, विसर आहे की नाही, आणि कंपवाताची औषधं चालू आहेत की नाहीत, हे वेगळं नोंदवायचं असतं. त्यामुळे निदान रद्द होत नाही. गोळ्या न घेणाऱ्यालाही हा आजार होऊ शकतो, म्हणून सगळा दोष औषधांवर टाकणंही बरोबर नाही.

तीव्रता नोंदवायला एमडीएस-यूपीडीआरएस या कंपवाताच्या मोजपट्टीतला एक प्रश्न तालुक्याच्या ओपीडीतही पुरतो. काहीच नाही तर ०. भलतंच दिसतं किंवा पुसट भास, पण खोटं आहे हे कळतं, तर १. ठसठशीत भास, पण भान आहे, तर २. ठसठशीत भास आणि भान गेलेलं, तर ३. भ्रम किंवा संशय पक्का बसलेला, तर ४. दर भेटीत हा आकडा केसपेपरवर लिहिला की आजार कुठे चाललाय हे पुढच्या डॉक्टरला एका नजरेत कळतं.

निदानानंतर लगेच काय होऊ द्यायचं नाही

गोंधळ घालणाऱ्या म्हाताऱ्याला हॅलोपेरिडॉल या मनोविकारावरच्या जुन्या औषधाचं इंजेक्शन देणं, हे सगळीकडे होतं. कंपवाताच्या रुग्णाला ते देऊ नये. रिस्पेरिडोन आणि ओलान्झापिनही टाळावं. माणूस शांत होतो, पण आखडतो, गिळता येत नाही, अंथरूण धरतो. उलटीसाठी पेरिनॉर्म किंवा स्टेमेटिलही नको. केसपेपरच्या वर लाल पेनाने "कंपवात: हॅलोपेरिडॉल, पेरिनॉर्म देऊ नये" असं लिहून घ्या, रात्रीच्या ड्युटीवरचा डॉक्टर तो पेपर पहिल्यांदाच पाहत असतो.

सौम्य भासांना, ज्यांत भान आहे आणि भीती नाही, बऱ्याचदा गोळी लागतच नाही. लागलीच तर तज्ज्ञ क्वेटियापिन अगदी कमी मात्रेत सुरू करतात आणि उठता-बसता बीपी घसरतं का ते पाहतात. क्लोझापिनचा उपयोग अधिक खात्रीचा आहे, पण त्यात पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या कमी होऊ शकतात, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. विसरही असेल तर रिवास्टिग्मिनचा विचार होतो.

घरात भासांवरून वाद घालू नका आणि हो ला हो पण करू नका. "मला दिसत नाही, पण तुम्हाला दिसतंय हे मी मानते. लाईट लावते" एवढं पुरतं. संध्याकाळी उजेड भरपूर ठेवा, लाईट जाते तिथे चार्जिंगचा दिवा जवळ असू द्या. खुंटीवरचे कपडे, रुग्णाला दचकवणारा आरसा हलवा. कोयता, विळा, फवारणीची औषधं कुलपात ठेवा, हे विशेषतः संशयी रुग्णाच्या घरात.

घरच्यांना देवाचं करायचं असेल तर मी अडवत नाही. अंगारा लावल्याने काही बिघडत नाही. पण भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, धुरी, उपाशी ठेवणं आणि गोळ्या बंद करणं यांनी जीव जातो. भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं आणि वैद्यकीय उपचारांपासून रोखणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

कुठे न्यायचं? छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, नांदेड आणि लातूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, ही जवळची मोठी ठिकाणं. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची ओपीडी विचारावी. रात्री-अपरात्री काय करावं सुचत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

जाताना औषधांची अख्खी पिशवी, चूर्णाच्या पुड्यांसह, सोबत घ्या, आणि वहीच्या एका पानावर हे लिहून न्या: कंप कोणत्या वर्षी सुरू झाला, विसर कधीपासून, पहिला भास कधी, काय दिसलं, दिवसा की रात्री, कितीदा, ते खरं वाटतं का, त्याआधीच्या महिन्यात कोणती गोळी नवी आली किंवा वाढली, शेवटचं पडणं कधी, संडास-लघवी आणि ताप, डोळ्यांची शेवटची तपासणी. पानाच्या मागे आठवडाभराची नोंद करा: गोळीची वेळ, भासाची वेळ. घरात लिहिणारं कोणी नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाला सांगा, किंवा आशाताईंची मदत घ्या.